"सगळं झिरो हाय" : माझ्या मावशीच्या गाठीची पूर्ण केस

काकांचा फोन आला तेव्हा डिसेंबर चालू होता आणि मी मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) रूममध्येच होते, पुढची पेशंट मशीनसमोर उभी होती. काका म्हणाले, "मावशीचा रिपोर्ट आला गं, काय न्हाय, सगळं झिरो हाय." मी म्हटलं बरं झालं काका, संध्याकाळी बोलते, आणि फोन ठेवला. संध्याकाळी बोललेच नाही. रिपोर्टचा फोटो पाठवा असंही म्हटलं नाही. मी अकरा वर्षं मॅमोग्राफी टेक्निशियन म्हणून काम करते, दिवसाला दहा-बारा बायकांच्या फिल्म काढते, "बायरॅड्स झिरो" हा शब्द रोज कानावर पडतो, आणि तरी त्या दिवशी काकांच्या तोंडून झिरो ऐकल्यावर माझ्या डोक्यात "काही नाही" एवढंच उमटलं.

बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये निष्कर्षासाठी देतात तो आकडा. बायरॅड्स झिरो म्हणजे काही नाही असं नसतं, तपासणी अपुरी आहे, अजून बघायला पाहिजे असा त्याचा अर्थ. हे लिहायला घेतलंय ते त्यासाठीच. मावशीने स्वतः सांगितलंय लिही म्हणून, फक्त गावाचं नाव आणि दवाखान्यांची नावं लिहीत नाहीये.

तर केस अशी. वय ४६, सोलापूर जिल्ह्यातलं गाव, शेती, दोन मुलं, दोघांनाही अंगावर पाजलेलं, घरात कुणाला कॅन्सर नाही, पाळी नियमित चालू. दिवाळीच्या आधी आंघोळ करताना डाव्या स्तनात वरच्या अंगाला, काखेकडे, सुपारीपेक्षा थोडी मोठी गाठ लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल असंच तिला वाटलं आणि तिचंच काय, आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना असंच वाटतं, उलट न दुखणारी कडक गाठ हीच आधी दाखवायची असते. दिवाळी झाली, पाहुणे गेले, मग ती तालुक्याच्या लेडी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हात लावून तपासलं, गाठ आहे म्हणाल्या आणि मॅमोग्राफीची चिठ्ठी दिली. इथपर्यंत सगळं बरोबर झालं.

चिठ्ठीवर फक्त "मॅमो बोथ" लिहिलेलं होतं. कुठल्या बाजूला गाठ लागतेय, कुठे, किती दिवसांपासून, काहीच नाही. आता हे वाचायला किरकोळ वाटतं पण आमच्या कामात याने फार फरक पडतो. गाठ हाताला लागत असेल तर आम्ही तिथल्या त्वचेवर एक छोटा धातूचा मणी चिकटवतो, म्हणजे फिल्मवर रेडिऑलॉजिस्टला कळतं की बाई इथे गाठ आहे म्हणतेय, इथे नीट बघा. मावशीला कुणी विचारलंच नाही आणि तीही आपणहून बोलली नाही, कपडे काढून उभी असलेली बाई अनोळखी माणसासमोर किती बोलणार. मणी लागला नाही. फिल्म निघाल्या, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन, एक वरून दाबून आणि एक तिरकी.

आणि रिपोर्ट आला : दोन्ही स्तन अतिशय दाट, डेन्सिटी डी, बायरॅड्स झिरो, सोनोग्राफी करून घ्यावी. सगळं इंग्रजीत, शेवटची ओळ अगदी खाली. रिपोर्ट लिहिणाऱ्याने काहीच चुकीचं लिहिलं नव्हतं हे मला मुद्दाम सांगायचंय. ती ओळ घरात कुणी वाचली नाही, वाचली तरी कळली नसती, रिपोर्ट देणाऱ्या काउंटरवर कुणी सांगितली नाही, आणि ज्या एका माणसाला ती कळली असती त्या माणसाने, म्हणजे मी, ती मागितली नाही.

दाट स्तन म्हणजे काय ते जरा सांगते. स्तनात चरबी असते आणि दुधाच्या ग्रंथी असतात. एक्स-रेवर चरबी काळी दिसते, ग्रंथी पांढऱ्या दिसतात, आणि कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. चरबी जास्त असेल तर काळ्यावर पांढरं लगेच डोळ्यात भरतं. ग्रंथी जास्त असतील तर पिंजलेल्या कापसात कापसाचीच गाठ शोधायची. ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत, डी सगळ्यात दाट. हा काही आजार नाही, शरीराची ठेवण आहे, आणि हात लावून कळत नाही, फिल्मवरच कळतं. चाळिशीच्या आसपासच्या, पाळी चालू असलेल्या बायकांमध्ये सी-डी भरपूर दिसतात. अशा बाईची मॅमोग्राफी "क्लिअर" आली आणि हाताला मात्र गाठ लागतेय, तर मॅमोग्राफीवर विसंबून बसायचं नाही, सोनोग्राफी करायचीच.

आमच्या क्षेत्रात याला ट्रिपल टेस्ट म्हणतात, मी साध्या भाषेत हात, चित्र आणि सुई म्हणते. डॉक्टरांचा हात काय सांगतो, चित्र काय सांगतं, आणि सुईने काढलेला तुकडा काय सांगतो. तिन्हींची साक्ष जुळली तरच निश्चिंत व्हायचं, एकही वेगळं बोलत असेल तर पुढे बघायचं. मावशीच्या वेळी हात म्हणत होता गाठ आहे, चित्र म्हणत होतं मला नीट दिसत नाहीये, आणि सुईपर्यंत कुणी गेलंच नाही. हाताला कमी लेखू नका हो. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाच्या वर बायकांवर अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने दर दोन वर्षांनी तपासणी करायची. वीस वर्षांचे आकडे २०२१ मध्ये आले. गाठी लवकरच्या स्टेजला सापडल्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी दिसले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला पाहिजे.

पुढे काय झालं, तर ज्वारी आली. काढणी, मळणी, कडबा रचणं, या दिवसांत शेतातली बाई दवाखान्यात जात नाही. गुढीपाडव्याला मी गावी गेले तेव्हा मावशी पुरणपोळ्या लाटत होती आणि डावा हात मधूनच झटकत होती. मी विचारलं काय गं, तर म्हणाली, "काय न्हाय, काखंत जरा जड वाटतंय." मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि हात लावला. मला अजून तो स्पर्श आठवतो. लिंबाएवढी गाठ, कडक, खाली-वर सरकत नव्हती, आणि काखेत अजून एक वाटाण्यासारखी. मी रिपोर्ट मागितला. ट्रंकेतून प्लास्टिकची पिशवी निघाली, त्यात फिल्म आणि तो कागद. मी शेवटची ओळ वाचली आणि माझे हातपाय गार पडले. मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "झिरो हाय न्हवं?" मला तिला काय सांगावं सुचेना. साडेतीन महिने गेले होते.

दुसऱ्या दिवशीच तिला पुण्याला घेऊन आले. इथून पुढे एकेक तपासणी कशासाठी झाली आणि तिने काय बदललं ते सांगते, कारण बहुतेक घरांत स्कॅनची नुसती यादी हातात पडते, एमआरआय करा, पेट करा, टूडी इको करा, आणि माणूस पैसे भरत फिरत राहतो, कुठला स्कॅन कशासाठी चाललाय ते विचारायचं राहूनच जातं.

सगळ्यात आधी सोनोग्राफी. रेडिएशन नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. जेल लावून प्रोब ठेवला आणि गाठ समोर आली, काळपट, कडा काटेरी, मागे सावली पडलेली, ३४ मिलिमीटर. मॅमोग्राफीत दडलेली गाठ सोनोवर एका मिनिटात दिसली, कारण सोनोवर ग्रंथी पांढऱ्या दिसतात आणि अशी गाठ काळी. काखेतली गाठ म्हणजे लिम्फ नोड, तिचं बाहेरचं आवरण ७ मिलिमीटर जाड झालेलं, ३ च्या वर गेलं की संशय घेतात. मग मी स्वतः मणी लावून मॅमोग्राफी परत काढली, यावेळी थ्रीडी, म्हणजे टोमोसिंथेसिस, ज्यात मशीन कमानीसारखं फिरत पातळ पातळ थर दाखवतं. त्यात कॅल्शियमचे बारीक दाणे दिसले, मीठ सांडल्यासारखे, गाठीच्या आत आणि थोडे बाहेरही. हे दाणे सोनोवर नीट दिसत नाहीत. म्हणून दोन्ही लागतात.

दाबताना मावशी कळवळली. सगळ्याच कळवळतात. आम्ही उगाच दाबत नाही, दाबल्याने स्तन पसरतो, थर सुटे होतात, हलत नाही आणि किरणंही कमी लागतात. एका मॅमोग्राफीत जेवढी किरणं लागतात तेवढी आपल्याला साधारण सात आठवड्यांत आसपासच्या निसर्गातूनच मिळत असतात, तेव्हा त्या भीतीने टाळू नका. पाळी चालू असेल तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात यावं, दुखणं कमी होतं. आणि त्या दिवशी काखेत पावडर, डिओ लावू नका, त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमसारखे दिसतात, आम्हाला परत काढायला लागतं.

रिपोर्ट बायरॅड्स ५. झिरोपासून सहापर्यंत आकडे आहेत : एक म्हणजे काही नाही, दोन म्हणजे साधं, काळजीचं नाही, तीन म्हणजे बहुतेक साधं पण सहा महिन्यांनी परत बघू, चार म्हणजे संशय आहे तुकडा काढा, पाच म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर, सहा म्हणजे तुकड्याने आधीच सिद्ध झालेलं. झिरो या रांगेत सगळ्यात खाली दिसतो म्हणून सगळे फसतात.

मग सुई. काकांना भीती होती की सुई लावली की कॅन्सर पसरतो, गावात चौघांनी तसं सांगितलेलं. तसं होत नाही, आणि सुईशिवाय कुठली केमो द्यायची हेच ठरत नाही. जागा बधिर करून सोनोवर बघत १४ गेजच्या सुईने पाच तुकडे घेतले. बायोप्सी गनचा स्टेपलरसारखा टक्क आवाज होतो, आधी सांगितलं नाही तर पेशंट दचकते, म्हणून आमचे डॉक्टर आधी हवेत एकदा वाजवून दाखवतात. काखेतल्या गाठीतून बारीक सुईने पेशी घेतल्या. उत्तर आलं : कॅन्सर, काखेतही पोचलेला, ईआर-पीआर निगेटिव्ह, हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा नाही, हर-टू नावाच्या प्रथिनावर वाढणारा. कागदावर स्टेज दोन बी. आधी केमो आणि हर-टूचं औषध, मग ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, असं ठरलं.

आता जे सांगतेय ते कृपा करून लक्षात ठेवा. केमो आधी द्यायची ठरली असेल तर गाठीत क्लिप टाकून घ्यायची. दोन-तीन मिलिमीटरची टायटॅनियमची खूण असते, तांदळाच्या कणीएवढी, सुईतूनच गाठीच्या मध्यात सोडतात. कारण औषध लागू पडलं तर गाठ विरघळते, कधीकधी संपूर्ण नाहीशी होते, आणि मग सर्जनला काढायची कुठून ते कळत नाही. सोमवारी पहिली केमो होती, शुक्रवारपर्यंत क्लिपचा विषय कुणी काढला नव्हता, गर्दीत राहून गेला होता. मी विचारल्यावर सर्जनने लगेच शनिवारी टाकायला सांगितली. टाकल्यावर क्लिप नेमकी जागेवर बसली का ते बघायला परत दोन फिल्म काढल्या. बसली होती, बरोब्बर मध्यात.

एमआरआय सगळ्यांना लागत नाही. मावशीला केला कारण स्तन दाट होता आणि अख्खा स्तन न काढता फक्त गाठ काढता येईल का ते ठरवायचं होतं, म्हणजे दुसरीकडे कुठे छोटी गाठ दडलीय का हा प्रश्न होता. त्यात पालथं झोपायचं, स्तन खालच्या दोन पोकळ्यांत, शिरेतून गॅडोलिनियमचं औषध, अर्धा तास हलायचं नाही आणि मशीनची ठणठण. आधी किडनीसाठी क्रिएटिनिन बघतात, आणि पाळी चालू असेल तर पाळीच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसातली वेळ देतात.

त्या दिवशी मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर मावशी थबकली. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली, बाळंतपणातही काढलं नव्हतं. जोडवी साबण लावून काढली, नथ काढली, मंगळसूत्रापाशी हात थांबला. काका बाहेर बसले होते, सिस्टर म्हणाल्या त्यांना आत बोलवू का. काका आले, त्यांनी स्वतः ते काढून घेतलं, रुमालात बांधलं आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून खिशावर हात धरून तासभर बसले. तेव्हापासून माझ्याकडे एखादी बाई अशी थबकली तर मी घाई करत नाही, नवरा, लेक, सासू, जे कुणी बाहेर असेल त्यांच्या हातात तिला स्वतः देऊ देते. एमआरआयने सांगितलं एकच गाठ, ३६ मिलिमीटर, दुसरीकडे काही नाही, उजवी बाजू साफ. म्हणजे स्तन वाचण्याची आशा राहिली.

पेट-सीटीने मात्र आमची झोप उडवली. लवकरच्या स्टेजला, काही त्रास नसताना पेटची गरज नसते, पण काखेत पोचलेलं असलं की बऱ्याच ठिकाणी करतात. सहा तास उपाशी, शुगर बघून किरणोत्सारी साखर टोचतात, एक तास शांत पडून राहायचं, मग स्कॅन. ती साखर दर ११० मिनिटांना निम्मी होत जाते, म्हणून ती फार आधी बनवून ठेवता येत नाही, सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनली की धावपळ करून पोचवावी लागते. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन परळला २००२ मध्ये सुरू झाला, आज बऱ्याच शहरांत सोय आहे. त्या दिवशी घरी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही तास लांब राहायचं, मी माझ्या लेकीला शेजारी पाठवलं होतं.

रिपोर्टमध्ये स्तन आणि काख चमकली, ते अपेक्षितच होतं, पण छातीच्या मधल्या भागातल्या लिम्फ नोडच्या गाठीही दोन्ही बाजूंना चमकल्या. लिहिलं होतं, पसरलेला असू शकतो, तपासून खात्री करावी. काकांनी कुणाला तरी तो रिपोर्ट दाखवला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या घरात चौथी स्टेज, चौथी स्टेज. मामाने फोनवर विचारलं, आता एवढा खर्च करून उपयोग आहे का? मावशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. मला त्या रात्री फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती, कारण मी नक्की काही सांगू शकत नव्हते.

पेटची साखर जिथे पेशी जोरात काम करतायत तिथे जाते. कॅन्सरमध्ये जाते तशीच टीबीच्या गाठीत जाते, जुन्या सुजेतही जाते. आपल्या देशात टीबी केवढा आहे ते सांगायला नको, आणि मावशीच्या सासूबाईंना टीबी होऊन गेला होता. तेव्हा परत तेच, चित्र एकटं बोलतंय, सुई कुठाय? तोंडातून श्वासनळीत कॅमेऱ्याची नळी घालून, तिच्या टोकावरच्या सोनोग्राफीने बघत त्या गाठीत सुई टोचतात, ईबस म्हणतात त्याला. चार दिवसांनी उत्तर आलं, ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींचा पुंजका, कॅन्सरच्या पेशी नाहीत. टीबीची जीन टेस्ट निगेटिव्ह, पुढे कल्चरही निगेटिव्ह, छातीच्या डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवू म्हणून सांगितलं. स्टेज दोन बीच राहिली. त्या चार दिवसांत कुणी हिंमत सोडून तिला घरी नेलं असतं तर बरी होण्यासारखी बाई नुसत्या एका चमकत्या ठिपक्यावर घरी बसली असती, हा विचार मला अजून सोडत नाही.

केमोचे सहा डोस, दर तीन आठवड्यांनी. केस गेले, तोंड आलं, ते सगळं झालं, त्यावर इथे लिहीत नाही. हर-टूच्या औषधाने हृदय कमजोर होऊ शकतं म्हणून सुरू करण्याआधी आणि मग दर तीन महिन्यांनी टूडी इको, हृदयाचं पंपिंग ६२ टक्क्यांवरून ५८ वर आलं आणि तिथेच टिकलं, औषध थांबवायला लागलं नाही. कॅन्सरच्या पेशंटला हृदयाची सोनोग्राफी कशाला असं काकांना वाटायचं, समजावल्यावर तेच तारीख लक्षात ठेवायला लागले. तिसऱ्या डोसनंतर सोनो : ३४ ची गाठ १३ वर. औषध लागू पडतंय, चालू ठेवा, एवढंच त्या सोनोचं काम होतं. सहाव्यानंतर हाताला काहीच लागेना. एमआरआयवरही काही उजळलं नाही.

घरी आनंदीआनंद, आणि काकांचा प्रश्न : मग आता ऑपरेशन कशाला? प्रश्न अगदी साहजिक आहे. पण एमआरआयला काही दिसत नाही म्हणजे एकही पेशी उरली नाही असं नसतं, आणि कॅल्शियमचे दाणे एमआरआयवर दिसतच नाहीत. म्हणून मी शेवटी परत मॅमोग्राफी काढली, तर गाठ गेलेली पण दाणे जागच्या जागी, क्लिपभोवती अडीच सेंटिमीटरमध्ये. ते दाणे जिवंत कॅन्सरचे की मेलेल्याचे हे फिल्म सांगू शकत नाही, ते काढून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावं लागतं.

ऑपरेशनच्या सकाळी साडेसातला मावशी माझ्या रूममध्ये आली. हाताला काही लागत नाही तेव्हा वायर टाकतात, केसासारखी बारीक तार, टोकाला आकडा, फिल्मवर बघत बघत क्लिपच्या शेजारी नेऊन सोडायची आणि बाहेरचं टोक छातीवर चिकटपट्टीने चिकटवायचं. सर्जन मग त्या तारेच्या मागे मागे जातो. तार घातली रेडिऑलॉजिस्टने, पण मशीनवर हात माझा होता. मावशी म्हणाली, "तू हाईस न्हवं, मग झालं."

साडेअकराला ओटीतून डबा आला. काढलेला भाग ओटीतूनच आमच्याकडे येतो, पेशंट टेबलवरच असते, सर्जन वाट बघत असतो. पेढ्याच्या बॉक्सपेक्षा लहान डबा, आत पिवळसर गोळा, त्याला दोन दोरे, आखूड वरच्या बाजूला, लांब बाहेरच्या बाजूला, म्हणजे कुठली कड कुठली ते कळतं. मी तो प्लेटवर ठेवला. या मशीनवर मी शेकडो वेळा हे केलंय, त्या दिवशी बटण दाबताना बोट थरथरलं. स्क्रीनवर चित्र आलं आणि मी आधी क्लिप शोधली. होती. तांदळाच्या कणीएवढी, पांढरीशुभ्र, मध्यात. शेजारी तारेचा आकडा. सगळे दाणे आत, कडेपर्यंत एकही नाही. रेडिऑलॉजिस्टने ओटीत फोन करून सांगितलं, क्लिप आलीय, कडा मोकळ्या दिसतायत. मी खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा रडले, पाडव्यापासून रडले नव्हते.

दहा दिवसांनी पॅथॉलॉजी. क्लिपच्या जागी फक्त व्रण, जिवंत कॅन्सर नाही. काखेतल्या १४ लिम्फ नोड काढल्या होत्या, एकीतही नाही. स्तन वाचला.

शेकाचं थोडक्यात सांगते. डावी बाजू म्हणजे खाली हृदय, म्हणून प्लॅनिंगच्या सीटीत खोल श्वास घेऊन धरायला शिकवलं, छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून बाजूला सरतं. मावशी शेतातली, दम चांगला, तिला दोन दिवसांत जमलं. सर्जनने आत सोडलेल्या क्लिपांमुळे गाठीची जागा नेमकी कळली. १५ शेक आणि त्या जागेला ५ जास्तीचे. हर-टूचं औषध धरून वर्ष पूर्ण केलं.

पैशाचं कुणी विचारेल म्हणून लिहिते, उपचाराचा मोठा भाग महात्मा फुले योजनेतून झाला, प्रत्येक स्कॅन त्यात बसतोच असं धरून चालू नका, दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात त्यांना प्रत्येक गोष्टीआधी विचारा.

आता काकांचा आग्रह असतो की दर सहा महिन्यांनी पूर्ण बॉडीचा पेट करून टाकू, मनाला शांती. मी नाही म्हणते, आणि डॉक्टरही नाही म्हणतात. काही त्रास नसताना असे स्कॅन करत राहिल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, उलट छातीत परत कुठे तरी चमकेल, परत नळी, परत चार रात्री. वर्षाला एक मॅमोग्राफी, तिच्या दाट स्तनामुळे सोबत सोनो, आणि दर काही महिन्यांनी डॉक्टरांचा हात. हाड दुखलं, खोकला राहिला, डोकं सतत दुखलं, तर लगेच यायचं आणि मग जो लागेल तो स्कॅन करायचा. माझ्या आईची आणि दुसऱ्या मावशीची तपासणीही करून घेतली, दोघींच्या रिपोर्टची शेवटची ओळ मी स्वतः वाचली.

गेल्या जूनमध्ये तिची शेक संपल्यानंतरची पहिली मॅमोग्राफी मी काढली. शेक घेतलेला स्तन जरा घट्ट होतो, दाबताना जास्त दुखतं, मी हळूहळू दाबत होते तर म्हणाली, "दाब की, नीट दिसू दे." जुन्या फिल्म शेजारी लावून रेडिऑलॉजिस्टने बघितलं. ऑपरेशनचा व्रण, बाकी काही नवीन नाही. रिपोर्ट हातात पडल्यावर मावशीने चष्मा लावला आणि वरचं काहीच न बघता बोट सरळ शेवटच्या ओळीवर ठेवलं. "हे काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं, बायरॅड्स दोन, वर्षाने परत यावे. तिने तिथेच काकांना फोन लावला.

"दोन आलंय," म्हणाली, "झिरो न्हाय."